निकोडेमस, कॅन्सस: 14 माणसांचं गाव आणि तिथवरचा चिखल

निकोडेमस हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव. त्याला ओसाड म्हणणारी माहिती वाचून निघू नका, ती चुकीची आहे. 2020 च्या जनगणनेत इथे 14 रहिवासी मोजले गेले. घरांत माणसं राहतात, आणि रिकामं गाव समजून कुणाच्या आवारात शिरणं हा उद्धटपणा आहे.

पण आधी रस्ता. आय-70 या महामार्गावर पश्चिमेकडून येत असाल तर वाकीनीला उतरा, 283 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला हिल सिटी गाठा आणि तिथून 24 ने पूर्वेला सुमारे 20 किलोमीटर जा. पूर्वेकडून आलात तर हेजहून 183 ने स्टॉकटन, मग 24 ने पश्चिमेला तीसेक किलोमीटर. हे रस्ते डांबरी आहेत. फोनचा नकाशा मात्र एलिस गावाच्या बाजूने जवळची वाट म्हणून मैला-मैलावरच्या चौकटीतल्या कच्च्या रस्त्यांवर घालतो. कोरड्या दिवसांत नुसती धूळ. पाऊस झाला की तिथली माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी सरळ चरात घसरते. फोर-व्हील-ड्राइव्हचाही फारसा उपयोग नाही, कारण पकड घ्यायला खाली घट्ट जमीनच नसते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर या वाटेला जाऊच नका. फेरा पडला तरी चालेल. पेट्रोल, जेवण आणि पाणी हिल सिटीला किंवा स्टॉकटनलाच घ्या, गावात काही मिळत नाही.

तिथे पोचल्यावर डोळ्यांना दिसतं ते थोडंच: टाउनशिप हॉल (1939), शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल, दोन चर्च. नॅशनल पार्क सर्व्हिसचं (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) माहिती केंद्र हॉलमध्ये आहे आणि प्रवेश फुकट आहे. बाकीच्या इमारती आतून पाहायला मिळतीलच असं नाही. केंद्राचे दिवस आणि वेळा निघण्याआधी तपासा. ते बंद असेल तर गाव कळणार नाही, कारण खरी गोष्ट आतच सांगितली जाते.

गोष्ट अशी. 1877 मध्ये केंटकीतल्या गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना डब्ल्यू. आर. हिल या गोऱ्या जमीन-दलालाने आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने सुपीक भूमीची जाहिरात करून आणलं. एलिस स्टेशनपासून पन्नासेक किलोमीटर चालून ती माणसं पोचली, तेव्हा झाड नाही, घर नाही, फक्त जमिनीत खोदलेली बिळासारखी घरं आणि त्यातून निघणारा धूर. काही कुटुंबं लगेच परतली. राहिलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात ओसेज लोकांनी शिकारीतलं अन्न दिलं. तरी 1880 च्या आसपास वस्ती पाचशेच्या घरात गेली. 1882 मध्ये इथलेच एडवर्ड मॅकेब कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. ज्या माणसांना फसवून आणलं, त्यांनी पाच वर्षांत राज्याच्या पातळीवर माणूस निवडून दिला, हे इथे उभं राहिल्यावरच नीट उमगतं.

घात रेल्वेने केला. गावाने रेल्वेसाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले होते, पण 1888 मध्ये रूळ जवळच्या सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेले. दुकानं उठून रुळांवरच्या बोग गावाला गेली. पुढे दुष्काळ आणि मंदी. 1953 ला पोस्ट ऑफिस बंद झालं, 1960 ला शाळा. लोकसंख्येचे आकडे पाहताना जपा: कुठे गावाचा आकडा देतात, कुठे टाउनशिपचा (आजूबाजूच्या शेतवस्तीसकट मोठ्या विभागाचा), आणि दोन्ही शेजारी ठेवले की गाव मध्येच वाढल्यासारखं भासतं.

खोदघरं पाहायला नदीकाठी भटकू नका. ती शेतं खाजगी आहेत आणि ती घरंही आता तिथे दिसत नाहीत. सावली जवळजवळ नाही आणि उन्हाळ्यात वारा भट्टीसारखा लागतो. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच.

वर्षातल्या कुठल्याही दिवशी दोन तास पुरतात, फक्त जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार सोडून. तेव्हा 1 ऑगस्टच्या (गुलामीतून सुटकेच्या) मुक्ती दिनापासून चालत आलेल्या मेळाव्यासाठी देशभर पांगलेले वंशज परततात. ते दोन दिवस साधता आले तर सोडू नका, आणि हिल सिटीतली खोली महिनाभर आधीच ठरवा.