सर्वेक्षणाच्या आकडेवारीवर प्रबंध आणि नैतिकता समितीची मंजुरी : माझा अनुभव

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी विदर्भातील प्रौढांचे तंबाखूसेवन आणि उच्च रक्तदाब हा विषय घेतला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब, रक्तातील साखर, तंबाखू आणि मद्य यांची माहिती देशातील ७०७ जिल्ह्यांतून घेतलेली आहे. जिल्ह्यांची तथ्यपत्रके कोणालाही विनामूल्य मिळतात, पण त्यांत प्रत्येक निर्देशकाची टक्केवारी स्वतंत्र असते. तंबाखू खाणाऱ्यांपैकी किती जणांचा रक्तदाब वाढलेला आहे, हे त्यांतून काढता येत नाही. त्यासाठी व्यक्तीनिहाय मूळ आकडेवारीच लागते आणि ती मी घेतली. विषयाची निवड, सिनॉप्सिस आणि गाईडची सही यांत काहीही अडचण आली नाही.

अडले ते संस्थेच्या नैतिकता समितीपाशी. अर्जावर शेरा आला : ‘सहभागी व्यक्तींची स्वाक्षरी केलेली संमतीपत्रे जोडावीत.’ या सर्वेक्षणात ६,३६,६९९ कुटुंबे, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांची माहिती आहे आणि संशोधकाच्या हाती येणाऱ्या फायलीत त्यांपैकी एकाचेही नाव किंवा पत्ता नसतो. ज्यांची ओळख मला कळूच नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, त्यांची स्वाक्षरी मी कुठून आणावी? हे मी लेखी कळवले. उत्तरादाखल मला रुग्णालयातील अभ्यासासाठी असलेला संमतीपत्राचा छापील नमुना देण्यात आला. ‘लागू नाही’ असे लिहिलेला अर्ज आवक खिडकीवरूनच परत आला. तिथले लिपिक सौजन्याने बोलत, पण त्यांचे उत्तर ठरलेले होते : “मॅडम, चेकलिस्टमध्ये आहे म्हणजे लागणारच.” एकदा शंका निघाली की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो, आणि बैठक गणपूर्तीअभावी पुढे ढकलली गेली की पुन्हा वाट पाहावी लागते. माझ्या बॅचचे इतर विद्यार्थी विश्लेषणाला लागले होते आणि मी मात्र एका रकान्यासाठी थांबले होते. त्या काळातला संताप अजून पूर्णपणे ओसरलेला नाही. लोकांच्या खासगीपणाची काळजी घेणे हे समितीचे कामच आहे आणि ते मला मान्य आहे. मात्र ज्या अभ्यासात ती काळजी आधीच घेतलेली आहे, तो वाचूनही न पाहता परत करणे मला आजही अन्यायाचे वाटते.

शेवटी मार्ग निघाला तो सदस्य सचिवांच्या नावे लिहिलेल्या एका पानी पत्रामुळे. त्यात मी आधी हे मांडले की, सर्वेक्षण करणाऱ्यांनी मुलाखतीसाठी आणि रक्तदाब व रक्ततपासणीसाठी वेगवेगळी संमती घेतलेली आहे. तो मजकूर सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांमध्येच छापलेला असल्याने त्याची प्रत सोबत जोडली. त्यानंतर ओळख कशी झाकली जाते ते लिहिले. मागणी केल्यास सर्वेक्षणासाठी निवडलेल्या गावा-वस्त्यांचे (नमुना-समूहांचे) नकाशावरील बिंदूही मिळतात, पण ते शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असतात, तर शंभरातील एखादा ग्रामीण बिंदू १० किलोमीटरपर्यंतही हलवलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील तो भाग जोडला, ज्यात ओळख न जुळणाऱ्या, अत्यल्प जोखमीच्या अभ्यासांना पुनरावलोकनातून सूट देण्याची तरतूद आहे. ही सूट संशोधकाने स्वतः गृहीत धरायची नसते, तर समितीकडून मागून घ्यायची असते. म्हणून अर्जाच्या विषयाच्या ओळीतच ‘पुनरावलोकनातून सूट मिळण्याबाबत’ असे स्पष्ट लिहावे, कारण साध्या मंजुरीच्या अर्जाला रुग्णालयातील अभ्यासांचीच चेकलिस्ट लावली जाते. सदस्य सचिवांनी पत्र शांतपणे वाचले, दोन प्रश्न विचारले आणि सूट दिली. त्या दिवशी मला जो दिलासा वाटला, तो प्रबंध स्वीकारला गेला तेव्हाही वाटला नाही.

मूळ आकडेवारी मी अमेरिकेतील डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) या, अनेक देशांतील आरोग्य सर्वेक्षणांची आकडेवारी देणाऱ्या कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आधीच घेतली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदतीच्या फेरआढाव्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला, त्यामुळे नव्या अर्जदारांनी विषय पक्का करण्यापूर्वी तिथली सद्यस्थिती पाहावी.

विश्लेषणाला बसल्यावर प्रत्येक नोंदीचे भारांक, म्हणजे नमुन्यातील कमी-अधिक प्रतिनिधित्व भरून काढणारे गुणक, लावल्याशिवाय एकही टक्केवारी लिहू नये. फायलीत ते पूर्णांकात असतात, त्यांना दहा लाखांनी भागावे लागते. तथ्यपत्रकातील कंसात दिलेला आकडा २५ ते ४९ व्यक्तींवरच आधारलेला असतो, आणि २५ हून कमी व्यक्ती असतील तर आकड्याऐवजी तारांकन छापतात. हे दोन्ही पाहून मगच जिल्ह्याविषयी विधान करावे. रक्तातील साखरेची तपासणी उपाशीपोटी केलेली नाही, म्हणून प्रति डेसिलिटर १४० मिलिग्रॅमच्या वरच्या प्रत्येकाला मधुमेही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ३३.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १०.९ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. देशातील प्रमाण अनुक्रमे ३८ आणि ८.९ टक्के आहे, म्हणजे आपल्याकडचे पुरुष देशाच्या मागे असले तरी स्त्रिया पुढे आहेत. खर्रा आणि मिश्रीच्या प्रदेशात काम करणाऱ्याने या दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखूच्या प्रकारांची माहिती अधिक तपशिलाने मिळते, पण त्याचे आकडे राज्यपातळीचे आहेत.

जुन्या फेरीशी तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, तरी २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत तो ठाण्यातच मोजलेला आहे. त्यामुळे दोन फेऱ्यांतील ‘ठाणे’ एकच नाही. आणि समितीचे सूट दिल्याचे पत्र क्रमांकासह जपून ठेवावे, कारण शोधनिबंध पाठवताना नियतकालिके तोच क्रमांक मागतात.