पास कौलं, नापास कौलं

पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे बेळगाव, स्टँडसमोर चहा, घरच्यांसाठी कुंदा. इथवर सांगण्यासारखं काही नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाकडं जाणाऱ्या बसमध्ये मात्र पहिला चटका बसला.

कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. शेजारच्या आजींनी आधार दाखवलं, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलींनाही. माझ्या आधारवर पुण्याचा पत्ता. "अक्का, तुम्हाला तिकीट काढावं लागतंय," कंडक्टर म्हणाला. पैशांचं काही नव्हतं. पण दहावीपर्यंत ज्या रस्त्यानं रोज ये-जा केली, त्या रस्त्यावर मी आता परगावची, हे तिकीट हातात आल्यावर कळलं. आजींनी विचारलं, "कुणाची गे तू?" वडिलांचं नाव सांगितलं. "मग आमचीच की!" म्हणाल्या आणि पानात बांधलेली करवंदं माझ्या ओंजळीत ओतली.

जात होते शाळेसाठी. आमच्या गावची सरकारी मराठी शाळा, तेवीस मुलं, दोन खोल्या. वडील तिथं शिकले, मी शिकले. गेल्या पावसाळ्यात एका खोलीचं छप्पर इतकं गळलं की सगळे वर्ग दुसऱ्या खोलीत दाटीवाटीनं बसले. वानरं कौलांवर उड्या मारतात, कौलं फुटतात, फटीतून पाणी उतरतं आणि वासे कुजतात. आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे कणकुंबीच्या डोंगरातला, मलप्रभा जिथं उगम पावते तिथला. तो महिना महिना थांबत नाही. अशा खोलीत मुलं किती दिवस येणार? मुलं कमी झाली की शाळेवरच गदा येते.

मार्चपासून मी पुण्यात पैसे मागत होते. मला मागायची सवय नाही, पहिल्या चार फोनना आवाज कापत होता. सीमाभाग म्हटल्यावर भरभरून बोलणारी माणसं छपराचं नाव काढल्यावर म्हणत, "कर्नाटक सरकारची शाळा ना, मग त्यांनी करावं." मला याचा फार राग आला, अजून आहे. १९५६ मध्ये सीमा आखली ती गावानं आखलेली नाही. त्याच वर्षी घटनेत ३५०अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगणारं. ते कलम खरं करायचं तर वर्गात कोरडी जमीन लागते. तरीही अडतीस हजार पाचशे जमले. देणाऱ्या प्रत्येकाची मी ऋणी आहे.

चूक माझ्याकडूनही झाली. पैसे कमी म्हणून मी फोनवरच पत्रे घालायचं ठरवून टाकलं होतं. गावाला विचारलंच नव्हतं.

पोचले त्या संध्याकाळी देवळात बैठक झाली. एसडीएमसी म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचे लोक, म्हणजे पालकच, हेडसर, गावातले जाणते. मी पत्र्याचा हिशोब मांडला. हेडसर शांतपणे म्हणाले, "ताई, पत्रा स्वस्त आहे. खरं, आमच्या पावसात पत्र्याखाली शिकवून बघा. पुढच्या बाकावरच्या पोरालासुद्धा माझा आवाज जाणार नाही." मला एकदम आषाढातला तो वर्ग आठवला. बाहेर धो धो पाऊस, आत बाई पाढे म्हणून घेतायत आणि प्रत्येक शब्द ऐकू येतोय. कौलांखाली बसूनच मी शिकले होते आणि तेच विसरले होते.

पण नवी कौलं आणि वासे दोन्ही या पैशांत बसेनात. तेव्हा कोपऱ्यातून तात्या बोलले. जुनं घर उतरवून ते स्लॅब टाकणार होते. तेराशे मंगळुरी कौलं अंगणात रचून ठेवलेली होती. गोव्याकडचं गिऱ्हाईक कौलामागं बारा रुपये द्यायला तयार होतं, हे मला नंतर त्यांच्या सुनेनं सांगितलं. बैठकीत तात्या एवढंच म्हणाले, "माझी कौलं शाळंला घ्या. खरं, वाजवून घ्या."

वाजवून म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. तात्या अंगणात पोत्यावर बसले. एक कौल उचललं, डाव्या हातावर अलगद तोललं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक केलं. खणखणीत आवाज आला. ते उजवीकडं. दुसरं कौल दिसायला तसंच तांबडं, धड. पण आवाज बद्द. "ह्यात केसावाणी चीर हाय. डोळ्याला दिसत न्हाई, पावसाला दिसतीया." ते डावीकडं. सुट्टी असूनही शाळेतली सगळी मुलं जमली होती. अर्ध्या तासात मुलांनी काम ताब्यात घेतलं. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, "पास!" नाहीतर "नापास!" दुसरीतली एक मुलगी कौल कानाशी धरून, डोळे मिटून ऐकायची. तिचा निकाल एकदाही चुकला नाही. तात्यांनी प्रत्येक वेळी पुन्हा वाजवून पाहिलं.

मीही वाजवली. दुपारपर्यंत बोटांची पेरं सोलवटली, हात कोपरापर्यंत तांबडे झाले. खानापूरची ही माती कौलांसाठीच प्रसिद्ध. बैलहोंगलकडच्या कन्नड शिकवणाऱ्या बाई पदर खोचून टोपल्या वाहत होत्या. त्यांचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून मोडकं, पण दिवसभर आमचं बोलणं अडलं नाही. जेवण तात्यांच्या घरी, नाचणीची भाकरी आणि काजूची उसळ. पुण्यातल्या कुठल्याच हॉटेलात मला इतक्या आग्रहानं कुणी वाढलेलं नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. एक हजार बासष्ट पास. खोलीला लागणार होती हजार.

पुढचे पाच दिवस सुताराचे. कुजलेले वासे काढले, नवे बसवले, रिपा ठोकल्या. आणलेले सगळे पैसे लाकडात आणि मजुरीत गेले, पावत्या एसडीएमसीच्या वहीत चिकटवल्या. एका देणगीदारांना शाळेवर नावाचा फलक हवा होता. मी नाही म्हटलं. कारण मग तात्यांचं नाव किती मोठ्या अक्षरात लिहायचं? देणगीदार नाराज झाले, त्यांनी कबूल केलेले उरलेले पाच हजार आले नाहीत. दुसऱ्या खोलीच्या आढ्याला ते लागणार होते, म्हणून मी पुन्हा फोन करायला लागले आहे. आता आवाज कापत नाही.

निघायच्या सकाळी शाळेमागं गेले. उरलेली बासष्ट कौलं मुलांनी भिंतीला टेकवून ओळीनं उभी केली होती, प्रत्येकावर खडूनं बरोबरची खूण. "वानरं यायचीच," तात्या म्हणाले.