भेगेवरची काच

“तुमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाया तुम्ही परत कसा घातलात?” लग्नात भेटलेले पाहुणे, मिरजेकडचे पाळक (पास्टर), सगळे हेच विचारतात, म्हणून एकदा लिहून टाकतो. पाया आम्ही घातला नाही. तो ख्रिस्त आहे आणि घातलेलाच आहे, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात कळवलंय. हललं होतं ते आम्ही वर बांधलेलं.

मी बांधकामावरचा सुपरवायझर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ च्या वर गेलं. ते उतरल्यावर महिनाभर ओळखीपाळखीच्यांची घरं बघत हिंडलो. अशा वेळी लगेच पाया उकरत नाहीत, आधी भेग बघतात. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची, तारीख लिहायची आणि थांबायचं. काच तडकली तर भेग जिवंत, म्हणजे खाली काहीतरी अजून हलतंय. पण लोकांना कुठला धीर! गणपती तोंडावर, मग दिवाळी. गिलावा करून रंग मारून मोकळे.

आमच्या मंडळीतही रंग झकास होता. नाताळचा मांडव, अर्पणाचा चढता आकडा, तरुण संघाची नवी साउंड सिस्टीम. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधीचं (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीआधीचं) गीत सुरू झालं की काही माणसं हळूच उठायची आणि बाहेर जाऊन चपला शोधायची. कमिटीच्या निवडणुकीत दोन गट पडले होते. मी त्यातल्या एकात होतो. वीस वर्षं खजिना सांभाळलेल्या माणसाला भर सभेत “हिशेब दाखवा” म्हणून ओरडणारा मीच. हिशेब चोख निघाला. माफी मात्र मी मागितली नव्हती.

(भांडण कोल्हापूरच्या मंडळ्यांना नवं नाही. १८५२ मध्ये इथं आलेल्या अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर साहेबांचंही त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाशी बिनसलं. काही वर्षं ते स्वतंत्र राहिले, मग १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डानं हे मिशन घेतलं.)

बायबलमधल्या नहेम्यानं यरुशलेमची पडकी तटबंदी रात्री, मोजकी माणसं घेऊन, कुणाला न सांगता पाहिली होती. मीही गुपचूप वहीत आकडा लिहायला लागलो. पहिल्या महिन्यात अकरा जण उठले. मग तेरा. पुन्हा तेरा. काच तडकत होती.

वही पाळकसाहेबांना दाखवली. कमिटीचं म्हणणं, तीन दिवस उज्जीवन सभा (श्रद्धा पुन्हा चेतवणाऱ्या प्रवचनांच्या सभा) लावू, पुण्याहून वक्ते आणू. मी विरोध केला. सभा वाईट नसते, पण जिवंत भेगेवर तो गिलावाच. पाळकसाहेबांनी त्या रविवारी प्रवचनाला बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातली इफिसची मंडळी घेतली. कष्टाळू मंडळी, खोटे प्रेषित पारखून काढणारी, तरी पहिली प्रीती सोडलेली. तिला उपाय सांगितलाय तो पश्चात्ताप करून पहिली कामं पुन्हा करण्याचा. आमची पहिली कामं कुठली, हे महिला मंडळातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी प्रभुभोजनाच्या आधल्या आठवड्यात पाळक आणि मंडळीचे एक वडील (एल्डर) घरोघर यायचे, आणि कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हे पहिलं विचारायचे.

तेवढंच परत सुरू केलं. पहिलं घर अर्थात खजिनदारांचं, कदमवाडीत. दारातच ते म्हणाले, “या, बसा की. पण हिशेबाचं बोलणार असाल तर चा मिळणार न्हाई.” मी म्हटलं, माझ्याच हिशेबाचं बोलायचंय. माफी मागायला दोन मिनिटं लागली असतील. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. वहिनींनी चहा आणला, तो निवला. निघताना त्यांनी हात जोडले नाहीत, नुसतं “बघू” म्हणाले. पुढचे दोन्ही पहिले रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्याला आले, मागच्या बाकावर बसले, आणि गीत सुरू झालं तरी उठले नाहीत.

त्याला आता तीन वर्षं झाली. परवाच्या पहिल्या रविवारी चार जण उठले. त्यातल्या एक बाई राजारामपुरीत राहतात, त्यांच्याकडे शनिवारी जायचंय. पाळकसाहेबांना माझ्या गाडीवर मागं बसायची भीती वाटते, म्हणून केएमटीच्या बसनं जाऊ म्हणतात.