धनुष्कोडीच्या वाळूत ६५३ पॅसेंजर

रामेश्वरला आलेला मराठी माणूस देवळातल्या २२ तीर्थांचं स्नान उरकतो, रिक्षाने धनुष्कोडीला जाऊन सेतूची वाळू पुरचुंडीत बांधतो आणि माघारी फिरतो. ती वाळू प्रयागला जायची, तिथली गंगा पुन्हा रामेश्वराला यायची. आजीने हे सगळं यथासांग केलं होतं. मला आणि बाबांना मात्र त्या वाळूत एक गाडी शोधायची होती.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री ११.५५ ला याच बेटावरच्या पांबनहून ६५३ क्रमांकाची पॅसेंजर सुटली. ११० प्रवासी, रेल्वेचे ५ कर्मचारी. धनुष्कोडी स्टेशन काही शे मीटरवर आलं असताना चक्रीवादळाची लाट गाडीवर आली. गाडीतलं कुणीच वाचलं नाही.

बाबा जन्मभर रेल्वेत गार्ड. रिक्षात बसल्याबसल्याच म्हणाले, "अरे, ती गाडी रामेश्वरावरून गेलीच नव्हती." खरंच की! पांबन हे जंक्शन. मुख्य लाइन थेट धनुष्कोडीला, रामेश्वर हा नुसता फाटा. देवापेक्षा बंदराला मान, कारण धनुष्कोडीहून सिलोनच्या तलैमन्नारला आगबोट सुटायची आणि मद्रासची बोट मेल ही गाडी तिलाच जोडलेली. बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल वादळात मोडला, तो ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत परत उभा केला, तेच पुढे आपल्या कोकण रेल्वेचे. धनुष्कोडीची लाइन मात्र परत टाकलीच नाही.

पर्यटकांच्या सगळ्या गाड्या सरळ रस्ता संपतो तिथे, अरिचलमुनईच्या टोकाला पळतात, सेल्फी तिथे. आम्ही अलीकडेच उतरलो. पडक्या चर्चच्या भिंतीत पोवळ्याचे दगड आहेत, मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे. बोट घातलं तर मिठाची पूड येते. स्टेशनच्या उरल्या आहेत थोड्या कमानी. तिथून पाठमोरं होऊन आम्ही पश्चिमेकडे पावलं मोजत निघालो. उजवीकडे पाल्कची सामुद्रधुनी गप्प, डावीकडे मन्नारच्या आखाताची गाज. रूळ नाही, खडी नाही, नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. चारशे पावलांवर बाबा थांबले. "आउटर, स्टेशनाबाहेरचा सिग्नल, असाच कुठेतरी असणार."

सिग्नल मिळेना, म्हणून ड्रायव्हर बराच वेळ थांबला आणि मग लांब शिट्टी देऊन गाडी पुढे काढली, असं सांगतात. मी विचारलं, "म्हणजे चूक त्याचीच ना?"

बाबा दोन्हीकडचं पाणी बघत राहिले. जमीन ती केवढीशी! "थांबला असता तर लाट थांबली असती का रे?"

तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

लॉजवर आईचा पहिला प्रश्न, "सेतूची वाळू आणलीत ना?" बाबांनी बूट उपडे केले. निघाली तेवढी तिने कागदात बांधून ठेवली.