नाल्यातले गप्पी

"बेटा, हौदात डासच डास झाले ना. नाल्यातले गप्पी मासे आणून दे बरं थोडे. त्या घाणीत जगतात, इथं का मरतील?" शेजारच्या काकूंचं हे बोलणं दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

त्यांचा नाला म्हणजे आमची नाग नदी. नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरापासून चालत दहा मिनिटं. शहराचं सांडपाणी घेऊन ती पुढे कन्हान नदीला मिळते.

मी सातवीपासून गप्पी पाळतो. मादी मोठी, राखाडी. नर तिच्याहून लहान, पण अंगावर केशरी ठिपके. मादीसमोर आला की अंग वाकवून थरथरतो. बऱ्याचदा जास्त केशरी नर तिच्या पसंतीला उतरतो. त्या रंगातला काही भाग शेवाळातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, म्हणून ज्याचं खाणंपिणं चांगलं त्याच्याच अंगावर तो खुलतो. रंग ही त्याची पत्रिकाच.

प्रयोगशाळेत अशा नरांना इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, मिसळलेल्या पाण्यात ठेवलं तर केशरी फिका पडतो, थरथरणंही कमी होतं. मासा मात्र जिवंतच असतो. आणि हे संप्रेरक आपल्याच लघवीतून, गर्भनिरोधक गोळ्यांतून सांडपाण्यात उतरतं.

कितीसं पुरतं? कॅनडात २००१ ते २००३ या काळात शास्त्रज्ञांनी एका तळ्यात गोळीतलं संप्रेरक मुद्दाम सोडलं. लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम! फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर एरवी माद्या बनवतात ते अंड्यातलं प्रथिन बनवू लागले, आणि ती जात तळ्यातून जवळजवळ संपली. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परत वाढले, हे वाचून मला खरंच हायसं वाटलं.

फ्लोरिडात उलटं घडलं. कागद कारखान्याचं पाणी येणाऱ्या ओढ्यात गॅम्बुशियाच्या माद्यांना नरासारखा लांब पर फुटलेला सापडला. गॅम्बुशिया म्हणजे गप्पीचा चुलत भाऊ, डासांसाठी आपणही सोडतो तोच.

त्यामुळे "जगतात ना" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. नर किती, माद्या किती, ठिपके केवढे, हे आपल्या नदीत कोणीतरी दरवर्षी मोजायला हवं. कॉलेजच्या पोरांना एका जाळीत जमेल. मी जाळी घेऊन सोबत येतो.

काकूंना मी माझ्याच हौदातले आठ गप्पी दिले. त्या चष्मा वर करून डब्यात बघत राहिल्या.

"हा रंगीत कोणता रे?"

"तो नर, काकू. त्याच्याकडेच बघत जा."