जुने व्हीएम ओपनस्टॅकवर नेताना वेळ कुठे गेला

गेले काही महिने आमच्या टीमचं एकच काम चालू आहे, व्हीएमवेअरवरचे जुने सर्व्हर ओपनस्टॅकवर न्यायचे. दोन्हींत एका मोठ्या मशीनवर (होस्टवर) अनेक आभासी सर्व्हर म्हणजे व्हीएम चालवता येतात, फक्त ओपनस्टॅक ओपन सोर्स आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, डिसेंबरपासून नवीन कायमस्वरूपी लायसन्स बंद होऊन सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं आणि तेव्हापासून बऱ्याच टीम याच वाटेवर आहेत, म्हणून अनुभव लिहून ठेवतोय.

मला आधी वाटलं होतं की डिस्क कन्व्हर्ट करणं हेच मोठं काम, पण ते सगळ्यात सोपं निघालं. व्हर्ट-व्ही२व्ही हे टूल डिस्कचा फॉरमॅट बदलतं आणि ड्रायव्हरचंही बरंचसं बघतं. फक्त खाली स्टोरेज सेफचं (Ceph, अनेक मशीनवर पसरलेलं स्टोरेज) असेल तर डिस्कची इमेज साध्या रॉ फॉरमॅटमध्येच ठेवा, क्यूकाऊ२ फॉरमॅटमध्ये ठेवली तर झटपट क्लोन होत नाही. आणि व्हीएमच्या आत बसवलेलं व्हीएमवेअर टूल्स हे सॉफ्टवेअर जुन्या जागीच काढून टाका, नंतर काढायला फार त्रास होतो.

बूटचं मात्र नीट बघावं लागतं. पहिला विंडोज सर्व्हर आम्ही हातानेच कन्व्हर्ट केला होता, तो चालू केला तर निळी स्क्रीन, कारण व्हर्टआयओचा (नवीन जागच्या आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डचा) ड्रायव्हर बूटच्या वेळी लोडच होत नव्हता. मग बूट डिस्क तात्पुरती साटा या नेहमीच्या जोडणीवर ठेवली, एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडली, विंडोजने ड्रायव्हर उचलला, त्यानंतर बूट डिस्कही व्हर्टआयओवर नेली. लिनक्समध्ये इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाईल सिस्टीम) आधीच व्हर्टआयओ मॉड्यूल घालून बनवून घ्या, आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एसडीए असं डिस्कचं नाव लिहिलेलं असेल तर त्याजागी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, करा कारण नवीन जागी डिस्क बहुतेक व्हीडीए म्हणून दिसते.

खरा वेळ खाल्ला तो नेटवर्कने. इंटरफेसचं नाव ईएनएस१९२ वरून ईएनएस३ झालं की स्टॅटिक (हाताने ठरवलेल्या) आयपीची फाईल जुन्या नावावर तशीच पडून राहते, हे एकदा कळलं की पटकन सुटतं. पण कीपअलाइव्हडीची जोडी (एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो) नेली तेव्हा व्हीआयपी, म्हणजे दोघांतला सामाईक आयपी, दुसऱ्या नोडवर गेल्यासारखी दिसायची आणि ट्रॅफिक काही यायचं नाही. पॅकेट बघायचं टूल टीसीपीडंप लावून बसलो, व्हीएममधून पॅकेट बाहेर पडतंय, पुढे गायब. कारण निघालं न्यूट्रॉनची (ओपनस्टॅकचा नेटवर्कचा भाग) पोर्ट सिक्युरिटी, त्या पोर्टला न दिलेल्या आयपीचं पॅकेट ती टाकूनच देते. अलाउड ॲड्रेस पेअरमध्ये (त्या पोर्टला परवानगी असलेल्या जादा पत्त्यांच्या यादीत) व्हीआयपी टाकली आणि चालू झालं.

एमटीयूचा (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याचा) प्रकार त्याहून वाईट. पिंग होतंय, एसएसएच लॉगिन होतंय, पण मोठी फाईल कॉपी केली की अडकतं. व्हीएक्सलॅन व्हीएमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेतं, त्याचं ओझं ५० बाइटचं, म्हणजे १५०० मधून हाताशी उरतात १४५०. न्यूट्रॉन हा आकडा डीएचसीपीमधून (आपोआप आयपी देताना) कळवतं, पण आमचे जुने सर्व्हर सगळे स्टॅटिक, त्यांना कोण सांगणार! शेवटी फिजिकल स्विच आणि होस्टवर ९००० केलं आणि व्हीएमच्या नेटवर्कला पूर्ण १५०० दिलं. तुमच्या हातात असेल तर हे पहिला व्हीएम हलवायच्या आधी करा, प्रत्येक सर्व्हरमध्ये शिरून एमटीयू बदलत बसू नका.

अजून एक गोष्ट ॲप्लिकेशनवाल्यांना आधीच सांगायला हवी. त्यांना व्हीएमवेअरच्या डीआरएसची सवय असते, लोड वाढला की व्हीएम आपोआप दुसऱ्या होस्टवर जातो. ओपनस्टॅकमध्ये व्हीएम बनवणारा भाग नोव्हा, तो मुळात बनवतानाच जागा ठरवतो, नंतर स्वतःहून हलवत नाही, आणि होस्ट पडला तर व्हीएम आपोआप दुसरीकडे उठायला मसाकारी ही ओपनस्टॅकची सेवा वेगळी लावावी लागते. म्हणून डेटाबेसची जोडी असेल तर अँटी-ॲफिनिटी सर्व्हर ग्रुप (त्यातले व्हीएम वेगवेगळ्या होस्टवर ठेवणारा) आधी बनवा आणि त्यातच व्हीएम तयार करा, चालू व्हीएम नंतर ग्रुपमध्ये घालता येत नाही. आम्हाला यासाठी दोन व्हीएम परत बनवावे लागले.

जुना व्हीएम आम्ही लगेच डिलीट करत नाही, बंद करून त्याचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करून दोन आठवडे ठेवतो, म्हणजे चुकून कोणी चालू केला तरी आयपी भिडत नाही. पुढच्या आठवड्यात शेवटचे तीन डेटाबेस सर्व्हर जातील.