संग्रहातलं सत्ताविसावं पुस्तक

दिवाळीपर्यंत पंचवीस पुस्तकं जमवायची असं ठरवलं होतं, सत्तावीस झाली. सगळी व्यंगचित्रांची, आणि प्रत्येकात चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेलं एखादं चित्र. नुसत्या सहीची पुस्तकं वेगळ्या कप्प्यात असतात, ती मी मोजत नाही.

सत्ताविसावं सप्टेंबरात मिळालं, पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात. प्रदर्शन होतं, चित्रकार टेबलाशी बसले होते, रांगेत माझ्यापुढे चारच जण. "सर, सहीबरोबर एक छोटं चित्र द्याल का?" असं विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या ओल्या छत्रीकडे पाहिलं आणि थेट मुठीपासूनच सुरुवात केली. मूठ, दांडा, मग एका दमात वाऱ्याने उलटलेली छत्री आणि शेवटी दांड्याला लोंबकळणारा मी. डोळ्यांचे दोन ठिपके, नाकाचा एक बाक. दीड मिनिट लागलं असेल. मनगट वळलं तिथे रेघ जाड झाली आहे. एका काडीपाशी हात क्षणभर थांबला, तिथे शाईचा बारीक थेंब साठला आहे. छापायच्या चित्रात तो थेंब पांढऱ्या रंगाने झाकला असता. मला सगळ्या पानात तोच जास्त आवडतो, कारण पुढे कुठे जायचं हे तिथे ठरलं.

ते पान मॅपलिथोचं, म्हणजे शाई शोषणाऱ्या साध्या छपाईच्या कागदाचं होतं हे नशीब. गुळगुळीत आर्ट पेपर शाई पीत नाही. गेल्या वर्षी अशाच पानावर काढून घेतलेलं चित्र मी घाईने पुस्तक मिटल्यामुळे समोरच्या पानावर उमटलं. फार वाईट वाटलं. आता पिशवीत टीपकागद असतो आणि सहसा न फिकटणाऱ्या पिगमेंट शाईचं ०.५ चं पेन मीच पुढे करतो. स्केचपेन शक्यतो नकोच. २०११ मधलं माझ्याकडचं एक जांभळं चित्र आता फिकट गुलाबी झालं आहे, आणि ते पुस्तक उजेडात फारसं नव्हतंही. कसरीसाठी अजून तरी कडुलिंबाचा पालाच वापरतो.

जुन्या बाजारात रविवारी व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं 'हसरी गॅलरी' मिळालं, दीडशे रुपयांना. विकणारा "सहीचं आहे" म्हणाला. पण फडणीसांची सही चित्राच्या कोपऱ्यात छापलेलीच असते. पान उजेडात तिरकं धरलं, मागून बोट फिरवलं. बॉलपेनची सही असती तर उठाव लागला असता. भिंगातून पाहिलं, तर दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथेही शाई गडद नव्हती. म्हणजे छापीलच. तरी घेतलं, कारण एका शब्दाशिवाय हसवणारी ती चित्रं घरात असावीतच. मोजणीत मात्र नाही.

खरी ओढ आहे व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांची. जन्म १९२७ चा, शिक्षणाने आणि पेशाने सिव्हिल इंजिनिअर, २०१६ मध्ये गेले. 'परकी चलन'मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख इतक्या जिव्हाळ्याने करून दिली आहे की, त्यांच्या हातची एक तरी रेघ आपल्याकडे असावी असं मला कॉलेजपासून वाटतं. सहीची एक प्रत आहे, चित्राची नाही. कोणाच्या तरी घरी माळ्यावर ती असणार. म्हणून कळकळीने सांगतो, आजोबांची पुस्तकं रद्दीत देण्याआधी प्रत्येकाची पहिली दोन पानं उघडून पाहा.

सरवटे कोल्हापूरचे, त्यामुळे डिसेंबरात तिकडच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे दोन दिवस काढणार आहे. कोणाला तिथलं एखादं दुकान ठाऊक असेल तर सांगा. माझ्याकडे मारिओ मिरांडांच्या 'गोवा विथ लव्ह'च्या दोन प्रती आहेत, सहीशिवायच्या पण स्वच्छ, त्यातली एक बदल्यात देईन.